मुजुमदारांची दोन मिनिटं

अरविंद मुजुमदारांची आणि माझी पहिली भेट ह्यूस्टनमधल्या एका देवळाच्या पार्किंगमध्ये झाली, आणि तिची सुरुवात त्यांनी माझ्यावर ओरडून केली. गणेश चतुर्थी होती. पैठणी सांभाळत, शेजारच्या सीटवर मोदकांचा डबा ठेवून मी कशीबशी एक जागा पकडली आणि गाडी सरळ आत घातली. तेवढ्यात सोवळं नेसलेले, उपरणं पांघरलेले एक गृहस्थ दोन्ही हात हलवत धावत आले. "उलटी लावा! गाडी उलटी लावा! तोंड बाहेर!" मला वाटलं, कुणाचं मूल गाडीखाली आलं की काय. तसं काही नव्हतं. गाडी मागे घेत लावली की निघताना सरळ निघता येतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"पळायची वेळ सांगून येत नाही," ते म्हणाले.

"देवासमोरून कशाला पळायचं?" मी विचारलं.

ते मोठ्याने हसले. "नवीन दिसता. कुठल्या कंपनीत?"

मी सांगितलं. पुढच्या सोमवारी मी ज्या रिफायनरीत रुजू होणार होते, तिचे मॅनेजर तेच होते. मी निमूटपणे गाडी उलटी लावली.

तेलाच्या धंद्यात ही एक रीतच आहे. गाडीचं तोंड बाहेर हवं, जिना चढता-उतरताना एक हात कठड्यावर हवा, कॉफीच्या कपाला झाकण हवं. रिफायनरीत कधी काय पेटेल याचा नेम नसतो, म्हणून माणसांना छोट्या गोष्टींतून सावध राहायची सवय लावतात. कल्पना वाईट नाही. बाकीचे लोक हे सोवळं संध्याकाळी गेटवर उतरवून ठेवत. मुजुमदार ते घरी घेऊन जात. त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेलेल्या बायकांनाही सुलभाकाकू झाकणाच्या मगमधून चहा देत. माडीवर जाताना कुणी कठडा सोडला तर खालून मुजुमदारांचा आवाज येई, "हात, हात!" सुरुवातीला मला त्याची गंमत वाटे. पुढे राग येऊ लागला. आता विचाराल तर मला जिन्याचे कठडे बघवत नाहीत.

पण ज्यामुळे मुजुमदार मुजुमदार झाले, ती गोष्ट वेगळीच होती. तेलकंपनीतली प्रत्येक मीटिंग 'सेफ्टी मोमेंट'ने सुरू होते. कामाचं बोलण्याआधी कुणीतरी एक उठून सुरक्षिततेची छोटीशी गोष्ट सांगतो. शिडी नीट लावा, गॉगल घाला, असलं काहीतरी. अमेरिकन लोक ती गोष्ट आंघोळ उरकल्यासारखी उरकतात. मुजुमदार मात्र खुर्ची मागे सारून उभे राहत, हात जोडल्यासारखे करत आणि म्हणत, "दोन मिनिटं." मग दहा मिनिटं कुणी घड्याळाकडे बघत नसे.

मुजुमदारांचे वडील कृष्णाकाठच्या एका गावात कीर्तनकार होते. लहानपणी हे त्यांच्या मागे झांजा घेऊन उभे राहत. ती विद्या त्यांनी अशी उचलली होती की बोलून सोय नाही. आधी पूर्वरंग: घाई म्हणजे काय, गर्व म्हणजे काय, माणूस रोज तीच वाट चालला की त्याचे डोळे कसे मिटतात. त्यात दोन विनोद. मग उत्तररंगात आख्यान: टेक्सासचा एक वेल्डर, त्याची म्हातारी आई, ती खिडकीशी बसलेली. सहा फुटी रांगडे ऑपरेटर रुमाल काढून नाक शिंकरत. आणि ते शिंकरत असतानाच मुजुमदार खाली बसून शांतपणे सांगत की या तिमाहीत देखभालीचा खर्च कमी करावा लागणार आहे.

एकदा मूडमध्ये असताना त्यांनी मला वडिलांचं गुपित सांगितलं होतं. "अण्णा म्हणायचे, पूर्वरंगात हसवायचं, उत्तररंगात रडवायचं आणि लोक रडत असतानाच आरतीचं ताट फिरवायचं. डोळे पुसले की माणूस हात आखडता घेतो." सांगताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. वडिलांवर त्यांचं प्रेम होतं. पण हरदासाची कथा शेवटी मूळपदावर येते म्हणतात. मुजुमदारांचं मूळपद खर्चकपात हे होतं, आणि ह्यूस्टनच्या मुख्य कचेरीतल्या मंडळींना ते फार आवडत असे.

माणूस दुष्ट होता असं मला म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे. एका वादळात आमच्या भागात कमरेएवढं पाणी चढलं, तेव्हा कुणाचा तरी उंच ट्रक घेऊन ते स्वतः आले. मला, नवऱ्याला आणि आमच्या मांजराला आपल्या घरी नेलं. आठ-दहा दिवस काकूंनी आम्हाला भाकरी-पिठलं खाऊ घातलं. पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेल्या कितीतरी मुलांना त्यांनी अपार्टमेंट मिळेपर्यंत घरात ठेवून घेतलं. नितीन ढोबळे त्यांतलाच एक.

नितीन चंद्रपूरचा. प्रोसेस इंजिनिअर, कामाला वाघ, तोंडाने मुका. बायको माधुरी नागपूरची, ती त्याच्या वाटचंही बोलायची. इरा नावाची चिमुरडी मुलगी. शनिवारी तिघं आमच्याकडे जेवायला येत. माधुरी पातोडी रस्सा करून आणायची आणि म्हणायची, "तुम्हा सांगलीवाल्यांना तिखट खाता येते म्हणतात, पाहू बरं." नितीन खाली मान घालून हसायचा आणि तिसऱ्यांदा भात वाढून घ्यायचा.

माझं काम पाइपांचं. पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून झिजत जातो. बाहेरून यंत्र लावून किती जाडी उरली ते बघायचं आणि बदलायची वेळ आली की सांगायचं. एका युनिटमधला एक मोठा पाइप पार पातळ झाला होता. मी सांगितलं. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत. पाइप बदलायचा तर युनिट बंद करावं लागणार आणि बंद युनिट पैसे मिळवत नाही. मुजुमदार म्हणाले, "पुढच्या शटडाउनला घेऊ." पुढचा शटडाउन पुढे गेला. मी पुन्हा सांगितलं. तोही पुढे गेला. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला, तेव्हा ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लुक, शुभांगी, डॉक्टरला प्रत्येक माणूस आजारीच दिसतो." सगळे हसले. पूर्वरंगच चालू होता ना.

मग एके दिवशी दुपारी त्या पाइपाला बारीक गळती लागली. ऑपरेटर म्हणत होते, युनिट बंद करा. वरून, म्हणजे मुजुमदारांच्या ऑफिसातून, निरोप आला की बंद करायचं नाही, आधी कुणीतरी जाऊन बघा, चालू पाइपावर गळती दाबणारा क्लॅम्प बसवता येतो का ते. बघायला नितीन गेला. तो वाकून बघत असतानाच पाइप फाटला.

याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

चौकशी झाली. वकील आले. मी पाइपाबद्दल जे होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले आणि महिन्याभरात 'स्पेशल प्रोजेक्ट्स' नावाच्या विभागात माझी बदली झाली. तिथे प्रोजेक्ट एकही नव्हता, खिडकी मात्र मोठी होती. शेवटी निष्कर्ष असा निघाला की नितीन ढोबळे धोक्याच्या जागेभोवती बांधलेल्या पिवळ्या फितीच्या आत परवानगीवाचून गेला होता. त्याला आत पाठवलं कुणी, हे रिफायनरीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि कागदावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मुजुमदार? ते व्हाइस प्रेसिडेंट झाले. कशाचे, तर कंपनीच्या सगळ्या रिफायनऱ्यांच्या सुरक्षिततेचे. ही बातमी ऐकून मी मीठ न घातलेली भाजी नवऱ्याला वाढली आणि त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मुजुमदार माधुरीकडे गेले होते. मी तिथेच होते. ती भिंतीला टेकून बसली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "काका, मी फोन केला होता जी चारला. येताना दही आण म्हटलं असतं. त्यानं उचललाच नाही." मुजुमदार तिच्याजवळ जमिनीवर बसले, तिचा हात हातात घेतला आणि रडले. खरे रडले. पुढे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला माधुरीचा व्हिसा जायची वेळ आली तेव्हा त्यांनीच ओळखीच्या एका प्राध्यापकाला सांगून तिच्या ॲडमिशनचं बघितलं. ती शिकली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली, इराला तिने एकटीने वाढवलं. दर दिवाळीला ती मुजुमदारांना फराळाचं पार्सल पाठवायची.

एकच गोष्ट माझ्या लक्षात आली होती. माधुरी कुणाला फोन करत नसे. मेसेज पाठवायची आणि वाट बघायची. इराला शाळेतून यायला उशीर झाला तरी मेसेज. मला वाटायचं, हल्लीची पद्धतच आहे.

मुजुमदारांची नवी गोष्ट मी वर्षभराने ऐकली. कंपनीच्या मोठ्या सभेत ते उभे राहिले. "दोन मिनिटं." पूर्वरंगाचा विषय होता घाई. आणि उत्तररंगात नितीन. "माझा मुलगाच होता तो," ते म्हणाले. चार वाजतात. नितीनच्या खिशात फोन वाजतो. तो स्क्रीन बघतो, बायकोचं नाव. घरी चिमुरडी वाट बघतेय. लवकर आटपायला हवं. आणि तो पिवळ्या फितीखालून वाकतो. इथे मुजुमदार थांबले, स्वतः थोडे वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. सभागृहात हुंदके ऐकू येत होते.

युनिटमध्ये फोन नेत नाहीत. साध्या फोनच्या ठिणगीनेही तिथे आग लागू शकते. आत जाणारा प्रत्येक माणूस आपला फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवून जातो. हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि तरी प्रत्येक जण रडत होता. मी कॉरिडॉरमध्ये मुजुमदारांना गाठलं.

"सर, फोन तर लॉकरमध्ये असतो."

ते जराही गडबडले नाहीत. "शुभांगी, मारुती समुद्र ओलांडतो तेव्हा कुणी अंतर मोजत बसतं का? फोनशिवाय ती गोष्ट लोकांच्या काळजाला भिडत नाही."

"आणि पाइप?"

"पाइपाने कुणी रडत नाही," ते म्हणाले आणि कठडा धरून खाली गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ती कंपनी सोडली.

पुढे ती गोष्ट त्यांनी देशभर सांगितली. तिच्या जोरावर पारितोषिकं घेतली. निवृत्त झाले, मुलीजवळ राहायला नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला गेले. जाण्यापूर्वी कंपनीने त्यांच्याकडून तिचा व्हिडिओ करून घेतला. नवीन भरती झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तो दाखवतात.

तो व्हिडिओ मागच्या हिवाळ्यात इराला सापडला. वडिलांचं नाव इंटरनेटवर शोधत होती बिचारी. त्या संध्याकाळी माधुरी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, इरा विचारते, मॉम, डिड यू कॉल हिम? काय सांगू तिला?"

मी तिला आत घेतलं, तेव्हा बाकीचं बाहेर पडलं. मुजुमदार समाचाराला आले तेव्हा निघताना, मी आत इराजवळ असताना, तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले होते, "तुझा फोन बघूनच घाई झाली असेल गं पोराला." बस. तेवढं वाक्य घेऊन ती इतकी वर्षं जगत होती. कुणाला बोलली नव्हती. दही आणायला सांगायचं म्हणून आपण नवरा मारला, असं तिला वाटत होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला फोनचं, लॉकरचं, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मला बरं वाटावं यासाठी बोलून राहिल्या ना तुम्ही? काका कायले खोटं बोलतील?"

त्या बिचारीला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. आणि इरासमोर ऐकायचं होतं.

आम्ही तिघी कॅरीला गेलो. भाड्याची गाडी मी मुद्दाम सरळ आत घातली. मुजुमदार पोर्चवर उभे होते, वाळलेले, गुडघ्यांनी वाकलेले. आधी नजर गाडीकडे गेली. "शुभांगी, अजून सुधारली नाहीस?" मग इराला जवळ घेऊन म्हणाले, "अगदी नितीन!"

काकूंनी झाकणांच्या मगमधून चहा आणला, नारळाच्या वड्यांची बशी ठेवली. इकडचं तिकडचं झालं. माधुरीने मग दोन्ही हातांत धरला होता, चहा प्यायली नव्हती.

"काका, एक विचारायचं होतं. नितीननं त्या दिवशी माझा फोन पाहिला होता का?"

मुजुमदारांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता माणूस खरं बोलेल. त्यांनी डोळे उघडले, हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाले, "बघ माधुरी, घाई ही मोठी विचित्र चीज आहे."

त्यांनी पूर्वरंग सुरू केला! तिच्या तोंडावर, तिच्याच नवऱ्याचं आख्यान. आवाज थकला होता पण एक जागा चुकत नव्हती. चार वाजतात म्हणाले. चिमुरडी वाट बघतेय म्हणाले, आणि ती चिमुरडी समोर बसली होती. काकूंनी "अहो" म्हणून पाहिलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. मी उठून ओरडणार, एवढ्यात इरा बोलली.

"आजोबा, व्हेअर डिड ही कीप हिज फोन? इन द युनिट?"

"युनिटमध्ये?" मुजुमदार ताडकन सरळ झाले. "नो, नो, बेटा. नो फोन्स इन द युनिट! लॉकरमध्ये. एक ठिणगी पुरते. माझ्या रिफायनरीत कुणाची टाप नव्हती फोन आत न्यायची. मी स्वतः गेटवर उभा राहून बघायचो."

"ऑलवेज?"

"ऑलवेज!" ते अभिमानाने म्हणाले.

मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"सो ही नेव्हर सॉ इट," इरा म्हणाली. "मॉम, ही नेव्हर सॉ इट."

माधुरीच्या हातातला मग कलंडला. झाकण होतं म्हणून चहा सांडला नाही. ती रडू लागली. नितीन गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. काकू तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणा तिला एकदा. नव्हता फोन म्हणून म्हणा."

"अगं, पण त्या गोष्टीने किती जणांचे हातपाय वाचले..."

"पाइप कुठे आहे हो तुमच्या गोष्टीत?" मी विचारलं. "आणि बघायला कुणी पाठवलं, ते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर कीर्तनात खोकले होते. माधुरी रडत होती. त्यांनी नारळाच्या वड्यांची बशी उचलली आणि एकेकीपुढे फिरवायला लागले. "घ्या. घ्या ना. काकूने सकाळी केल्यात." आमच्यापैकी कुणीही वडी घेतली नाही.

निघालो तेव्हा ते मागोमाग आले. गाडी उलटी काढायची होती. ते रस्त्यात उभे राहून हाताने खुणा करू लागले, सावकाश, सावकाश, डावीकडे. गाडी नीट निघाली. ही त्यांची शेवटची मदत मी घेतली, याचा मला अजून संताप येतो.

वळणाच्या आधीच मागच्या सीटवर इराचा फोन वाजला.

"मॉम? व्हाय आर यू कॉलिंग मी? आय ॲम राइट हिअर."

माधुरी माझ्या शेजारी बसली होती, फोन कानाला लावून. "उचल ना," ती म्हणाली.

इराने उचलला. "हॅलो?"

"हॅलो," माधुरी म्हणाली. "काही नाही. येताना दही आणशील का?"

आरशात मुजुमदार दिसत होते. ते घराकडे वळले होते. पोर्चला दोनच पायऱ्या होत्या, आणि त्यांनी कठडा धरला होता.